डाक भवनातली खुर्ची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा सूचना होती, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर भेटतात, मी पोस्टावर बोलते. फोनवर जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग, "बरं. पण वीस मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे." तेव्हा सोलकढी यायच्या आत आटपते.

आठवतंय का, सामान्यज्ञानाच्या तासाला सर एकेकाला उभं करून विचारायचे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण, भूदलप्रमुख कोण, मुख्य निवडणूक आयुक्त कोण. शेवटच्या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "शेषन!" तेव्हा शेषन म्हणजे हिरो होते. पण भारताच्या टपाल खात्याचा प्रमुख कोण, हा प्रश्न दहा वर्षांत एकदाही आला नाही. आत्ता विचारते. कुणाला येतं? करा हात वर.

नाही ना. मागच्या बाकावरच्यांनो, गूगल करू नका.

यात तुमचा दोष नाही. पोस्ट म्हटलं की आपल्याला पोस्टमनकाका दिसतात, खाकी पिशवी दिसते, लाल पेटी दिसते. फार तर मुरूडच्या पोस्टातला तो खिडकीमागचा चष्मा दिसतो. त्याच्या वर काय आहे याचा विचार करायची गरज पडली नाही, कारण पोस्ट चालू होतं. जी गोष्ट नीट चालते तिचा साहेब कोण हे कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात हाच नियम आहे: सर्व्हर चालू असला की त्याच्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. म्हणून मला हा माणूस जवळचा वाटतो. आणि त्याच्याविषयी आजच बोलायला एक कारणही आहे, ते पुढे सांगते.

आधी शिडी समजून घेऊ. खालून चढू या. गावात शाखा टपाल कार्यालय असतं. तिथे बसणारे शाखा पोस्टमास्तर आणि घरोघरी जाणारे, हे बहुतेक ठिकाणी ग्रामीण डाकसेवक असतात. दिवसाला चार-पाच तासांचं काम, आणि कार्यालयाची जागा बरेचदा त्यांनी स्वतःच बघायची. म्हणजे कुणाच्या तरी पडवीतच भारत सरकार बसलेलं असतं. त्यांच्यावर आपल्या मुरूडसारखी उपडाकघरं, त्यांच्यावर अलिबागचं प्रधान डाकघर. अलिबागलाच रायगड विभागाचे अधीक्षक. त्यांच्यावर नवी मुंबई क्षेत्राचे पोस्टमास्टर जनरल, त्यांच्यावर महाराष्ट्र परिमंडळाचे मुख्य पोस्टमास्टर जनरल. हे मुंबईला बोरीबंदरजवळच्या जीपीओच्या इमारतीत बसतात. विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट असलेली, १९१३ साली पुरी झालेली ती इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. गोव्याचं पोस्टही त्यांच्याच हाताखाली येतं.

आणि सगळ्यात वर दिल्लीला, संसद मार्गावरच्या डाक भवनात, दोन खुर्च्या. एक टपाल विभागाच्या सचिवांची. ते टपाल सेवा मंडळाचे अध्यक्षही असतात. दुसरी टपाल सेवा महासंचालकांची. पुष्कळ वर्षं एकच व्यक्ती दोन्ही पदं सांभाळायची. मंत्री आणखी वेगळे. मंत्री निवडणुकीतून येतात. ही मंडळी मात्र आयुष्यभर पोस्टातच असतात. यूपीएससी देऊन भारतीय टपाल सेवेत येतात आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्या मजल्यावर पोचतात. त्यांच्या हाताखाली सुमारे १ लाख ६५ हजार कार्यालयं. त्यातली दहापैकी नऊ खेड्यांत. १९४७ साली ही संख्या २३,३४४ होती. जगात एवढं मोठं टपालाचं जाळं दुसऱ्या कुणाकडे नाही.

ही महासंचालकाची खुर्ची १८५४ ची आहे. त्याआधी पोस्ट होतं, पण प्रांताप्रांताचं वेगळं, आणि पत्राचे पैसे अंतरावर. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र पाठवायचं तर एक रुपया लागायचा. त्या काळचा एक रुपया! पत्र पाठवणं ही सावकाराची आणि साहेबाची चैन होती. डलहौसीच्या काळात १८५४ चा कायदा झाला, अख्ख्या देशाच्या टपालासाठी एक महासंचालक नेमला गेला (रिडेल नावाचे गृहस्थ), आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून नियम बदलला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. शेजारच्या गावाला अर्धा आणा आणि पेशावरला अर्धा आणा. अंतराचा हिशेबच मोडीत काढला.

अंतर हिशेबातून काढायचं म्हणजे काय? मुंबईच्या फोर्टातलं पत्र फोर्टात वाटायला पोस्टाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेच पत्र खाडी ओलांडून, घाट चढून, एखाद्या वाडीवरच्या एकट्या घरी न्यायला भरपूर येतो. दोघांना एकच तिकीट लावायचं म्हणजे फोर्टातला माणूस वाडीवरच्या माणसाचे पैसे थोडे थोडे भरतो, आणि दोघांनाही ते कळत नाही. माझ्या मते या खुर्चीचं खरं काम एवढं एकच आहे: हा न दिसणारा हिशेब सांभाळायचा. तिकिटं काढणं, उद्घाटनं, आकडेवारी ही सगळी नंतरची कामं.

या हिशेबावर आपला किनारा किती जगला, ते बाहेरच्या कुणाला सांगावं लागेल, तुम्हाला नाही. आपल्या वर्गात किती जणांचे वडील घरी होते? गिरणीत, गोदीत, हॉटेलात, बोटीवर. कोकणी मोहल्ल्यातल्या मैत्रिणींचे दुबई-कुवेतला. आपली घरं मनीऑर्डरवर चालायची. वीस रुपयांना एक रुपया कमिशन. तीनशे पाठवायचे तर पंधरा रुपये पोस्टाचे. ते ठाण्याहून असोत की लुधियान्याहून, तेवढेच. आणि फॉर्मच्या खाली ती चिंचोळी चिठ्ठी, दोन ओळींची. 'पैसे पाठवले. आईच्या डोळ्यांना दाखव. गणपतीला येतो.' त्यात माझ्या वडिलांचं अख्खं वर्ष मावायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या आळीत एकेका घरी मनीऑर्डर यायची बंद झाली. पोस्टमनकाका घरावरून मान खाली घालून जायचे असं आई सांगायची. मी तेव्हा लहान होते, त्यामुळे हे तिच्याच तोंडून ऐकलेलं.

आता एका माणसाची ओळख करून देते. तो त्या सर्वोच्च खुर्चीवर बसला नाही, पण तिच्या अगदी शेजारी होता, आणि त्याचं काम आपण सगळे रोज वापरतो. श्रीराम भिकाजी वेलणकर. बाणकोटच्या खाडीपलीकडचं केळशी हे त्यांचं गाव, म्हणजे आपल्या शेजारचेच. जन्म १९१५. संस्कृतचे पंडित, संस्कृतात शंभराहून अधिक पुस्तकं, आणि पोटापाण्याला पोस्ट खातं. पुढे ते दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि डाक-तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य झाले. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, त्यांनी देशाला पिन कोड दिला.

त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्याच तालुक्यात बसून समजेल. मुरूड किती आहेत? एक आपलं, जंजिऱ्याचं. एक दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं. एक लातूरकडचं. नागाव अलिबागला एक आणि उरणला एक. त्यात आपला जिल्हा तेव्हा कुलाबा! त्याचं रायगड झालं १ जानेवारी १९८१ ला, अंतुल्यांच्या काळात. तोवर पत्त्यावर नुसतं 'कुलाबा' लिहिलं तर वर्गीकरण करणाऱ्याने काय समजायचं? मुंबईचा कुलाबा की हा? आणि पत्ता लिहिलेला मोडीवळणाच्या मराठीत, उर्दूत, तमिळमध्ये, डॉक्टरी अक्षरात. वाचणारा माणूस हुशार असून भागत नव्हतं, पत्ताच सुधारायला हवा होता.

वेलणकरांनी सहा आकडे घेतले. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो; आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात. आठ विभाग भूगोलाचे आणि नववा सैन्याच्या टपालाचा. पुढचे आकडे आत आत नेतात, पहिल्या तिघांत वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन थेट डाकघर सांगतात. ४०२४०१ वाचलं की मराठी न येणाऱ्या माणसाला आपलं मुरूड सापडतं. अलिबाग ४०२२०१, श्रीवर्धन ४०२११०. पण उरण ४००७०२ आणि पनवेल ४१०२०६! एकाच जिल्ह्यात तीन सुरुवाती. लोकांना हा घोळ वाटतो. तो घोळ नाही. पिन कोडला कलेक्टर कुठे बसतो याच्याशी देणंघेणं नाही, थैली कोणत्या वाटेने येते याच्याशी आहे. उरणची थैली मुंबईच्या अंगाने येते, म्हणून उरण ४०० मध्ये.

मी बावीस वर्षं प्रणाल्या बांधते आहे. पाच वर्षं टिकली तर आम्ही केक कापतो. ही त्रेपन्न वर्षं टिकली आहे, आणि आता तर बँका, विमा कंपन्या, गॅसवाले, ऑनलाइन दुकानं सगळे तिच्यावर उभे आहेत, एक पैसा न देता. इंजिनिअर म्हणून मी वेलणकरांना दंडवत घालते. संस्कृतात त्यांनी म्हणे असं काव्य रचलंय की सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची. हे असलं डोकं असलेला माणूस पत्त्यांच्या मागे लागला, हे आपलं नशीब.

२०२५ साली टपाल विभागाने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं, 'डिजिपिन'. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राबरोबर मिळून केलेलं. सगळ्या देशावर सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिला. काम चोख आहे. ज्या वाड्यांमध्ये घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, तिथे रुग्णवाहिका पोचायला फार उपयोगी पडेल. पण मला एक सांगा, आपल्याकडे 'भैरीच्या देवळामागे, वडाच्या अलीकडे, सुलूताई' एवढ्यावर पत्र पोचायचं. चार मीटरच्या चौकोनाला सुलूताई मुलीकडे पनवेलला गेली आहे हे कळत नाही. डाकसेवकाला कळतं. तेव्हा संकेत आला म्हणून तो माणूस कमी करता येईल, असं कुणी डाक भवनात मांडलं तर ते मांडणाऱ्याला आधी कोकणात एक पावसाळा पाठवावं.

आता ते कारण, ज्यासाठी हा विषय आज घेतला.

१८९८ चा जुना पोस्ट कायदा होता. त्यात पत्र पोचवण्याचा हक्क फक्त सरकारचा होता. आणि पत्राचे, पोस्टकार्डाचे दर कायद्याच्या परिशिष्टात छापलेले होते. पोस्टकार्ड पाच पैशांनी महाग करायचं तरी अर्थमंत्र्यांना संसदेत उभं राहून सांगावं लागायचं, आणि विरोधक गरिबाच्या पोस्टकार्डावरून गोंधळ घालायचे. आपल्याला ते हास्यास्पद वाटायचं. पण त्या गोंधळातच वाडीवरच्या घराचं संरक्षण होतं. आजही पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं, ते पोचवायला येणारा खर्च त्याच्या कितीतरी पट असताना. आंतर्देशीय अडीच रुपयांना, साधं पाकीट पाच रुपयांना.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला. १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. सरकारचा तो एकाधिकार त्यात नाही. ते ठीक आहे, कुरिअरवाले कधीचेच धंदा करत होते. पण त्यात आणखी एक आहे. टपाल सेवा महासंचालक हे या सेवेचे प्रमुख, आणि टपालाच्या कुठल्याही सेवेसाठी लागणारे विनियम व त्यांचे दर ठरवण्याचा अधिकार त्यांना. दर बदलायला संसदेच्या मंजुरीची गरज उरली नाही. म्हणजे १७० वर्षं जो हिशेब संसदेत, त्याआधी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, चारचौघांत मांडावा लागत होता, तो आता एका कार्यालयात होणार.

मी ही बातमी वाचली तेव्हा आमच्या ऑफिसमधले म्हणाले, चांगलंच झालं, कुरिअर कंपन्यांशी टक्कर द्यायची तर रोज दर बदलता यायला हवेत. खरं आहे. पार्सलच्या धंद्यात लवचीकपणा हवाच. महासंचालकाने प्रत्येक गोष्टीसाठी संसदेचं तोंड बघत बसावं असं मीही म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की पार्सलचा दर आणि वाडीवरच्या पत्राचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आता त्या एकाच पेनाने लिहिल्या जातात.

याचा नमुना आपण पाहिला आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. पाठोपाठ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. पन्नास ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये, बाकी देशभर कुठेही ४७. इथवर ठीक, अंतर नाही. पण वजन पन्नास ग्रॅमच्या पुढे गेलं की अंतराचे टप्पे सुरू: दोनशे किलोमीटर, पाचशे, हजार. जमिनीच्या वादाची कागदपत्रं, वारसाची नोटीस, बँकेचं उत्तर हे सगळं आपण रजिस्टर ए.डी.ने पाठवायचो, लागेल तेवढ्या स्वस्तात. त्या पाकिटाला आता पुन्हा मैल मोजावे लागतात. निर्णय चुकीचा आहे असं मी ठामपणे म्हणत नाही; दोन सारख्या सेवा वेगवेगळ्या चालवणं खर्चाचं असतं, हे माझ्या कामातून मला कळतं. पण या खोलीत बसलेल्या दीडशे जणांपैकी किती जणांना तो होण्याआधी कळला होता?

पुढे काय होऊ शकतं ते डेन्मार्कात दिसतं. तिथल्या सरकारी टपालाने २०२५ च्या डिसेंबरअखेर पत्रं वाटणं थांबवलं. चारशे वर्षांची सेवा. रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून विकल्या. पत्रं आता एक खासगी कंपनी वाटते. तिकडे सरकारी पत्रव्यवहार जवळजवळ सगळा मोबाइलवर, देश लहान, वाटा चांगल्या. त्यांना झेपेल बहुधा. पण तिथेही म्हाताऱ्या माणसांच्या संघटना ओरडत होत्या. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडवरून गेलं, आठवा. विजेचे खांब आडवे, टॉवर आडवे, कित्येक गावांत दिवसचे दिवस फोन नाही. त्याआधी दोन महिने टाळेबंदीत पोस्टाची माणसं अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येत होती आणि खात्यातले पैसे दारात देत होती. माझ्या आत्याने तिचं पेन्शन तसंच घेतलं. वादळानंतर नेटवर्कच नाही, म्हणून यंत्र गप्प. २०१७ पासून देशातल्या १ लाख २९ हजार शाखा डाकघरांना 'दर्पण' योजनेतून हातातली यंत्रं, सौर पॅनलसकट, द्यायचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण जूनमध्ये कोकणात सूर्य कुठे असतो ते दिल्लीला कुणीतरी सांगायला हवं होतं.

यंत्रावरून आणखी एक, आणि ही गोष्ट मी आमच्या ऑफिसमध्ये प्रत्येक नव्या पोराला सांगते. इंग्लंडच्या पोस्टाने १९९९ च्या सुमाराला 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आणली. फुजित्सू कंपनीची. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. माणसं सांगत होती, आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्र चुकतंय. वरचे म्हणत, यंत्र चुकत नाही, आणि असं म्हणणारे तुम्ही एकटेच आहात. प्रत्येकाला तेच सांगितलं, एकटेच आहात! २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांवर दोष सिद्ध झाले. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकून तूट भरली, काहींनी जीव दिला. अॅलन बेट्स नावाच्या वेल्समधल्या एका पोस्टमास्तराने चिकाटीने लढा दिला, २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचं म्हटलं, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. मधली सात वर्षं त्या पोस्टाच्या प्रमुख असलेल्या पॉला व्हेनेल्स यांना आपला राजसन्मान परत करावा लागला.

दोष कोडमध्ये होता, हे खरं. पण कोडमध्ये दोष असतोच. मी लिहिलेल्यात आहे, माझ्याहून हुशार माणसांनी लिहिलेल्यात आहे. जीव गेले ते वरच्या खुर्चीने खालच्या माणसापेक्षा पडद्यावर जास्त विश्वास ठेवला म्हणून. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या डाकघरांत नवी प्रणाली आली. खात्याच्या स्वतःच्या माणसांनी बांधलेली आहे, याचं मला कौतुक आहे. ती बहुधा चांगलीच असेल. तरी एखाद्या पडवीतल्या शाखा पोस्टमास्तरीणबाई, पाच तासांच्या मानधनावर काम करणाऱ्या, जेव्हा म्हणतील की साहेब, माझ्याकडे रोकड बरोबर आहे, मशीन चुकतंय, तेव्हा त्यांचं म्हणणं अलिबाग, नवी मुंबई, जीपीओ, डाक भवन अशी शिडी चढून वर पोचेल का, आणि पोचल्यावर कुणी त्यांना चोर न ठरवता ऐकेल का? महासंचालकाची परीक्षा मी यावर घेईन. नवी तिकिटं किती काढली यावर नाही.

पूर्वी या खुर्चीवर बसलेल्यांपैकी एक नाव आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. सर गुरुनाथ बेवूर, आयसीएस. डाक-तार खात्याचे पहिले भारतीय महासंचालक, १९३० च्या दशकातले. पुढे भूदलप्रमुख झालेले जनरल गोपाळ बेवूर हे त्यांचे चिरंजीव. मुलाचं नाव सरांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत असणार. वडिलांचं असेल का, सर? (सर मान हलवताहेत. म्हणजे नाही.)

तर आता माझी मागणी. भाषण म्हणून नको, काम म्हणून ऐका. आपल्या ग्रुपवर आपण दीडशे जण आहोत. त्यात वकील आहेत, दोन सरपंच आहेत, तीन जण शाखा डाकघरातच काम करतात आणि एक तर बँकेत चीफ मॅनेजर आहे. मी एक पत्र तयार केलं आहे, दीड पानाचं, मराठीत आणि इंग्रजीत. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. पोस्टकार्ड, आंतर्देशीय आणि साध्या पाकिटाचा दर देशभर एकच राहील हे महासंचालकांनी विनियमात लिहून द्यावं. दर बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मतं मागवावीत, आणि तो प्रत्येक शाखा डाकघराच्या फळ्यावर, मराठीत लागावा. आणि हिशेबात तूट दिसली तर डाकसेवकावर कारवाई करण्याआधी प्रणालीच्या नोंदी त्याला दाखवाव्यात. सह्या कॉम्प्युटरवरच्या नकोत, शाईच्या हव्यात.

आपल्यातले जे तिघे पोस्टात आहेत त्यांनी सही करू नये. नोकरीचे नियम असतात, आणि ते तुमच्या बाजूचे आहेत असं समजून चालू नका. वाचून मात्र बघा, काही चुकलं असेल तर जेवणाआधी मला सांगा.

पत्ता असा: महासंचालक, टपाल सेवा, डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली ११०००१. दीड पानाचं पत्र आणि दीडशे सह्यांचे कागद म्हणजे वजन पन्नास ग्रॅमच्या पुढे जाईल, तेव्हा अंतराचे पैसे पडतील. ते मी भरते. सह्यांचे कागद बाहेर, चहाच्या टेबलाच्या डावीकडे, बाईंजवळ ठेवले आहेत. पेनही आहेत. सोमवारी सकाळी मुरूडच्या पोस्टाची खिडकी उघडली की मी तिथे असेन.